दुसरी किल्ली कोणाजवळ?

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. पुलगाव ते आर्वी अशी अरुंद रुळांची एक छोटी आगगाडी पूर्वी या भागातून धावत असे. तिच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसे तिकडे अजून भेटतात. जमीन काळी, पीक कापसाचे, तुरीचे आणि अलीकडे सोयाबीनचे. या गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि त्या घरात माझी मोठी आई राहते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : वडिलांचे थोरले भाऊ ते मोठे बाबा आणि त्यांची पत्नी ती मोठी आई.

मोठ्या आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. लग्न होऊन मी नागपूरला गेले तेव्हाही तो होता आणि आज तिने पंचाहत्तरी ओलांडली तरी तो आहे. त्यात कपाटाची किल्ली आहे, धान्याच्या कोठीची आहे, देवघरातल्या पेटीची आहे आणि जी कुलपे कधीच मोडीत गेली त्यांच्याही चार-पाच आहेत. मोठे बाबा तिची थट्टा करीत. म्हणत, “घर विकले तरी चाब्या तुझ्याजवळच राहतील.” मराठीची अध्यापिका म्हणून मला या जुडग्याचे कौतुक वेगळ्याच कारणाने वाटे. आपण ज्याला कुलूप म्हणतो तो शब्द अरबीतून आला आणि चावी पोर्तुगीजांकडून आली. वऱ्हाड-वर्ध्याकडे तिचीच चाबी होते. कुलूप एका देशाचे, किल्ली दुसऱ्या देशाची, आणि दोन्ही मिळून राखण करतात ती आमच्या तुरीच्या डाळीची!

मोठे बाबा गेले तेव्हा या जुडग्यातली कोणतीही किल्ली आम्हांला उपयोगी पडली नाही. त्याची ही हकीकत आहे.

मोठे बाबा मॅट्रिकपर्यंत शिकलेले, शेती करणारे गृहस्थ. उतारवयात मुलाने त्यांना एक चांगला फोन घेऊन दिला आणि त्यांना त्याचा छंदच लागला. रोज रात्री जेवण झाले की ते ओसरीवर बसून फोनमध्ये बोलत. आज पाऊस किती पडला, कोणत्या धुऱ्यापर्यंत डवरणी झाली, मजुरी काय दिली, हे सारे तोंडाने सांगून ठेवीत. मधूनच त्यांना जुने काही आठवे. आजोबांनी विहीर कशी खणली, कोणत्या वर्षी कापूस मातीमोल गेला, मोठी आई नवी नवरी होऊन आली तेव्हा बैलगाडीचे चाक कसे रुतले, अशा गोष्टी ते नातवंडांसाठी बोलून ठेवीत. सात वर्षांचे बोलणे आणि शेकडो छायाचित्रे त्यांच्या ईमेलच्या खात्यात, कंपनीच्या दूरच्या कोठारात, आपोआप जमा होत होती. हे कसे होते हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्ही कधी विचारले नाही.

ते गेल्यावर दोन गोष्टी घडल्या. दोन्ही अगदी सरळपणे घडल्या. पुण्याच्या दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तो फोन कोरा करून आपल्या मुलीला अभ्यासासाठी दिला. आणि मोठ्या बाबांच्या क्रमांकात पैसे भरावयाचे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. ज्या क्रमांकाचा नव्वद दिवस काही वापर होत नाही तो मोबाईल कंपनी बंद करू शकते. बंद केलेला क्रमांक आणखी किमान नव्वद दिवस कोणाला देत नाहीत. पुढे मात्र तो नव्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो. हा नियम आम्हांला मागाहून कळला. मोठ्या आईला तो आमच्याही आधी कळला. एका संध्याकाळी तिने, का कोण जाणे, तो क्रमांक लावून पाहिला. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला, “कोण बोलतंय?” तिने फोन ठेवून दिला आणि दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही.

त्यानंतर आम्ही जागे झालो. दादाने ते खाते उघडण्याचा प्रयत्न केला. परवलीचा शब्द कोणालाच माहीत नव्हता. ‘शब्द विसरलो’ असे कळवले तर सहा आकड्यांचा संकेत जाणार त्या बंद पडलेल्या, आता परक्याच्या झालेल्या क्रमांकावर! दुसरा ईमेल पत्ता नोंदवलेला नव्हता. आम्ही कंपनीला तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा नम्र उत्तर आले की, हे खाते आपलेच असल्याची खात्री पटत नाही. मला त्यांना दोष देववत नाही. उद्या कोणी भामटा माझ्या नावाने असाच गळा काढू लागला, तर त्याच्यापुढे कंपनीने माझे दार उघडावे असे मला वाटेल काय? कुलूप चांगले होते. चूक आमची होती.

हे सारे मी मोठ्या आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला : “अन् दुसरी चाबी कोणापाशी होती वं?”

तिच्या लेखी हा अगदी साधा व्यवहार होता. बाजारातून कुलूप आणले की त्यासोबत दोन किल्ल्या येतात. एक आपल्या कमरेला आणि दुसरी घरात अशा ठिकाणी, जे ठिकाण आणखी एका माणसाला ठाऊक असते. १८९७ साली मुंबईच्या लालबागेत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे बनवावयास सुरुवात केली. पुढे त्यांच्या कारखान्याची पोलादी कपाटे खेड्यापाड्यांतल्या घराघरांत गेली. पण कपाट कितीही मजबूत असले तरी त्याची दुसरी किल्ली कोठे ठेवावयाची, हे घरातल्या शहाण्या बाईलाच ठरवावे लागे. आम्ही शिकलीसवरलेली माणसे फोनमध्ये पन्नास कुलपे लावून बसलो होतो आणि दुसऱ्या किल्लीचा विचार एकाचाही केलेला नव्हता.

मग मी या विषयाच्या मागेच लागले. जे समजले ते येथे सांगते, कारण रोहण्याच्या घरात जे घडले ते नागपूर-पुण्याच्या कोणत्याही घरात उद्या घडू शकते.

परवलीचा शब्द ही गोष्ट मूळची पहारेकऱ्यांची. रात्री जो येईल त्याने ठरलेला शब्द सांगावा आणि आत जावे. संगणकाला ती लागू झाली १९६१च्या सुमारास, अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात. फर्नांडो कोर्बाटो यांच्या देखरेखीखाली तेथे एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था झाली आणि ज्याची-त्याची टिपणे वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एकेक शब्द दिला गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, अ‍ॅलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या शब्दांची यादी त्याच यंत्राकडून छापून घेतली! त्याला ठरवून दिलेला वेळ कामाला पुरत नव्हता, म्हणून दुसऱ्यांच्या नावावर तो काम करू लागला. पुष्कळ वर्षांनी त्याने हे आपण होऊन सांगितले. तेव्हा परवलीच्या शब्दाची चोरी ही त्या शब्दाच्या बरोबरीनेच जन्माला आली असे म्हणावयास हरकत नाही. खुद्द कोर्बाटो यांनीही उतारवयात कबूल केले की, या शब्दांचे जंजाळ आता एक दुःस्वप्न होऊन बसले आहे.

ते जंजाळ आपल्या सर्वांच्या घरी आहे. मुलाचे नाव आणि जन्मसाल जोडून एक शब्द केला जातो आणि तोच सगळीकडे चालवला जातो. एका ठिकाणी तो फुटला की सगळीकडे फुटला. यावर उपाय म्हणून फोनवर येणारा तात्पुरता आकडा, म्हणजे ओटीपी आला. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने घरबसल्या पैसे देताना जास्तीची खूण पटवणे सक्तीचे झाले आणि पुढे ओटीपी घरोघरी पोचला. त्याचा फार उपयोग झाला. परंतु त्यात एक उणीव राहिली, ती म्हणजे तो तोंडाने सांगता येतो. आणि जे सांगता येते ते गोड बोलून किंवा धाक घालून काढूनही घेता येते. “बँकेतून बोलतो, तुमचे खाते बंद होणार आहे,” असे फोन कोणाला आले नाहीत?

पासकी म्हणून जी नवी सोय आली आहे ती नेमकी ही उणीव भरून काढते. ती समजण्यास मला आपल्या इतिहासाचा आधार सापडला. शिवकाळातील पत्रांच्या आरंभी मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. पत्र शंभर गावांना जाई, उमटलेला ठसा शंभर जण पाहत आणि खरा-खोटा ओळखत. पण ज्या शिक्क्याने तो ठसा उमटवला तो शिक्का कधी पत्राबरोबर जात नसे. पासकीचे काम असेच चालते. आपण एखाद्या खात्यासाठी पासकी केली की फोन एक जोडी तयार करतो. जोडीतला एक भाग, ठसा ओळखण्याची खूण, तो कंपनीकडे जातो. दुसरा भाग, म्हणजे शिक्का, तो आपल्याकडेच राहतो. आपण खाते उघडू लागलो की कंपनी दर वेळी एक नवा संदेश पाठवते, फोन त्यावर आपला शिक्का उठवून परत देतो, आणि कंपनी ठसा ताडून पाहते. ठशावरून शिक्का घडवता येत नाही. असल्या जोडकिल्ल्यांची कल्पना डिफी आणि हेलमन या दोघा विद्वानांनी १९७६ साली जगापुढे मांडली होती.

शिक्का उठवण्यापूर्वी फोन आपल्या मालकाला ओळखून घेतो. त्यासाठी बोट लावावे, चेहरा दाखवावा किंवा फोनचा आकडा टाकावा. आणखी एक गुण असा की, ज्या संकेतस्थळासाठी ती जोडी केली तेथेच ती चालते. कोणी हुबेहूब तसे दिसणारे खोटे पान काढले तर माणसाचे डोळे फसतील, पण पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी फोन शिक्का उठवीत नाही. या पद्धतीचा पाया वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१९च्या मार्चमध्ये प्रमाण म्हणून मान्य केला. २०२२ साली अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून तिला पाठिंबा जाहीर केला. गूगलच्या खात्यांना ती २०२३च्या मे महिन्यात मिळाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपलाही, आधी अँड्रॉइड फोनांवर.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सारे रोहण्याला जमलो तेव्हा मी ओसरीवर बसून मोठ्या आईच्या फोनपासून कामाला सुरुवात केली.

पहिलीच अडचण बोटाची आली. “माह्या बोटाले रेघाच राह्यल्या नाहीत,” ती म्हणाली, “कापूस वेचून वेचून गेल्या त्या.” हे खरे होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हापासून बोटाचा ठसा हीच माणसाची ओळख होत आली आहे. पण कष्टाने झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत हा अनुभव कितीतरी शेतकरी बायांना आहे. सुदैवाने पासकीला बोटच हवे असे नाही. फोन उघडण्याचा आकडा तिला पुरतो. शिवाय दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. आधारच्या वेळी ठसा दूरच्या कोठारातील नोंदीशी ताडला जातो. पासकीच्या वेळी बोट फक्त फोनला ओळखवायचे असते, आणि तो ठसा फोनच्या बाहेर जात नाही.

दुसरी अडचण आकड्याची. मी तिला सहा आकड्यांची एक संख्या ठरवावयास सांगितली तेव्हा शेजारी बसलेला नातू म्हणाला, “आजीचा आकडा मला माहीत आहे.” त्याला माहीत होता, त्याच्या दोघा मित्रांना माहीत होता, आणि दुपारी फोन मागावयास येणाऱ्या शेजारच्या पोरालाही माहीत होता. आता ही गोष्ट खेळापुरती राहत नाही. पासकीच्या घरात फोनचा आकडा हीच वाड्याच्या दिंडीची किल्ली असते. ज्याला तो ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती फोन आहे, त्याला सगळी दारे उघडी. मोठ्या आईला हे एका वाक्यात पटले. तिने नातवाला बाहेर घालवले आणि नवा आकडा ठरवला. तो मीसुद्धा विचारला नाही.

याच कारणाने दुसऱ्याच्या यंत्रावर पासकी कधी करू नये. कॉलेजातला संगणक असो, सेवा केंद्रातला असो की मैत्रिणीचा फोन असो, तो उघडू शकणारा माणूस तुमचे खातेही उघडू शकेल. तेथे खाते उघडणे अगदी भागच पडले तर वेगळी सोय आहे. पडद्यावर चौकोनी चित्र येते, ते आपल्या फोनने टिपावयाचे आणि शिक्का आपल्या फोनवरच उठवावयाचा. फोन खरोखर जवळ आहे की नाही हे यंत्र ब्लूटूथने पाहते. आपली किल्ली त्या यंत्रात उतरत नाही. काम झाले की खाते बंद करून उठावे.

मग मी खात्याच्या सुरक्षेचे पान उघडले. तेथे आजवर केलेल्या पासकींची यादी असते. कोणती केव्हा केली, केव्हा वापरली, हे लिहिलेले असते. त्या यादीला मोठी आई ‘जुडगा’ म्हणाली आणि मला तोच शब्द योग्य वाटला. तिच्या खात्याच्या जुडग्यात दोन वर्षांपूर्वी विकलेला एक फोन अजून लटकत होता! ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, फोनमधून पासकी पुसली तर केवळ शिक्का नाहीसा होतो. तो फोन आपल्या हातून गेला असेल तर खात्याच्या यादीतून त्याचे नाव काढावे, म्हणजे त्याचा ठसा कंपनी पुन्हा मानणार नाही. आम्ही तसे केले आणि उरलेल्यांना ‘आईचा फोन’, ‘दादाकडचा’ अशी ओळखू येतील अशी नावे दिली. दर दिवाळीला घर झाडताना हा जुडगाही झाडून घ्यावा, असे मी सुचवते.

आता मोठ्या आईच्या त्या प्रश्नाकडे येते. एवढे चांगले कुलूप लावले, पण फोन विहिरीत पडला तर? पासकी बहुधा आपल्या खात्याबरोबर दूरच्या कोठारात बंद पाकिटात राखलेली असते आणि नवा फोन घेतला की परत मिळते. पण ते पाकीट उघडण्यास पुष्कळदा जुन्या फोनचा आकडा मागतात. म्हणून फोन बदलला तरी जुना आकडा विसरू नये. आणि ज्या खात्यात पाकीट ठेवले त्याच खात्याचे दार बंद झाले तर काय? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लोटून घ्यावे तशी गत होते. एकाच फोनवर सारे ठेवू नये, हे त्यावरचे उत्तर. आम्ही मोठ्या आईच्या खात्याची दुसरी पासकी दादाच्या फोनवर केली, पण तिच्या संमतीने आणि त्याचा अर्थ तिला सांगूनच. दादाला तिची पत्रे वाचता येतील हे तिने ऐकले आणि म्हणाली, “वाचू दे. कपाट उघडाले तो परका हाये काय?” ज्याच्या हाती कपाट सोपवता येत नाही त्याच्या हाती ही किल्लीही देऊ नये, इतका सोपा हिशेब आहे.

तिसरी तजवीज कागदाची. गूगलसारख्या खात्यांत दहा राखीव आकड्यांची यादी मिळते. प्रत्येक आकडा एकदाच चालतो आणि नवी यादी काढली की जुनी रद्द होते. ती आम्ही हाताने कागदावर उतरवून पाकिटात घातली आणि शेतीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवली. तिचे छायाचित्र फोनमध्ये ठेवले नाही. तसे करणे म्हणजे पुन्हा किल्ली कपाटात ठेवणे.

मागच्या दाराकडेही पाहावयास हवे. पासकी केली तरी जुना परवलीचा शब्द आणि एसएमएसचा आकडा बहुतेक ठिकाणी शिल्लक राहतो. पुढच्या दाराला भक्कम कडी आणि मागचे दार सुतळीने बांधलेले, असे होऊ नये. तो जुना शब्द लांब आणि वेगळा करून टाकावा. जेथे कोणताही बंद झालेला क्रमांक लिहिलेला असेल तेथून तो काढावा. जो क्रमांक अनेक ठिकाणी जोडलेला आहे, तो माणूस गेल्यावरही निदान सारे व्यवहार मिटेपर्यंत जिवंत ठेवावा. आमच्याकडे हा क्रमांक किती ठिकाणी लागतो याची कल्पना शहरातल्या वाचकांना नसेल. २०२५च्या हंगामात आधारभूत भावाने सरकारला कापूस विकावयाचा तर भारतीय कपास निगमाच्या ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी करा, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. तेथेही आधी विचारला जातो तो मोबाईल क्रमांकच.

फोन हरवला तर काय करावे हेही आम्ही त्याच पाकिटावर लिहून ठेवले : दुसऱ्या फोनवरून खाते उघडून हरवलेल्या फोनची पासकी काढणे, कंपनीला कळवून सिम बंद करणे, पोलिसांत नोंद करून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या ठिकाणी तो फोन अडकवून ठेवणे, आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब सांगणे.

बँकेची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तीत गल्लत करू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. पैशाच्या व्यवहारात ओळखीच्या दोन खुणा हव्यात, पण त्यांतली एक एसएमएसचा आकडाच असली पाहिजे असे नाही, असा त्यांचा आशय आहे; अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवली गेली. तेव्हा बँकांची दारेही हळूहळू बदलतील. परंतु बँकेचा किंवा यूपीआयचा गुप्त आकडा पाकिटात लिहून ठेवू नये आणि माणूस गेल्यावर त्याच्या आकड्याने पैसे काढू नयेत. त्यासाठी वारस नेमण्याची रीत आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. दादाने मोठ्या आईला आर्वीला नेऊन तो अर्ज भरून घेतला.

आणि ज्या सोयीने आमचे नुकसान टळले असते तिच्याविषयी शेवटी सांगते. गूगलच्या खात्यात २०१३ पासून एक व्यवस्था आहे. खाते ठरावीक काळ, तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आपण ठरवू तितका काळ, वापरात नसले तर कोणाला कळवावे आणि कोणते साहित्य द्यावे हे आधीच लिहून ठेवता येते. दहापर्यंत माणसे नेमता येतात. अ‍ॅपलच्या फोनवरही २०२१च्या डिसेंबरपासून आपल्या मागे खाते कोणी पाहावे हे नेमता येते. दोन्हींना फार तर पाच मिनिटे लागतात. मोठ्या बाबांच्या हयातीत ती पाच मिनिटे आमच्यापैकी कोणाजवळ नव्हती. दर दिवाळीला आम्ही त्यांच्या शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये पाहत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोठ्या आईने चौरंगावर नेहमीप्रमाणे शेतीच्या हिशेबाची वही ठेवली, तिच्यावर नाणी ठेवली. मग कपाटातून ते पाकीट आणून वहीखाली सारले आणि त्याला हळदकुंकू वाहिले. आम्ही हसलो नाही. पूजा झाल्यावर तिने कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि वहिनीच्या हाती दिली. ती कपाटाची दुसरी किल्ली होती. इतकी वर्षे दोन्ही तिच्याच कमरेला होत्या, ही गोष्ट तिला त्या दिवशी उमगली असावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभात वाहतात. ती चार दिवसांपूर्वी झाली होती. मोठी आई फोन तोंडासमोर धरून, मोठे बाबा धरीत तसाच, सांगत होती की, सीतादही झाली, कापूस बरा आहे, बाया किती आल्या, मजुरी किती दिली. बोलणे संपल्यावर तिने मला विचारले, “हे आता राहीन न वं?”

“राहील,” मी म्हणाले. “दुसरी चाबी दादापाशी आहे.”

तिने मान हलवली आणि ती चहा ठेवावयास आत गेली.